ऊसमळ्याचे नाव मिरविणारा गायक : अल्बेर्तो बेल्त्रान

कॅरिबियन समुद्रातील डॉमिनिकन प्रजासत्ताक या देशाचे लोकनृत्यसंगीत म्हणजे मेरेंगे. दोन मात्रांच्या द्रुत ठेक्यावर जोडीने नाचण्याचा हा प्रकार आज जगभर ओळखला जातो. गेल्या शतकाच्या मध्यास ज्या गायकांनी तो आपल्या बेटाबाहेर नेला, त्यांत अल्बेर्तो बेल्त्रान यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १९५४ साली हवाना येथे ध्वनिमुद्रित झालेल्या ‘एल नेग्रीतो देल बातेय’ या एका गीताने त्यांना संपूर्ण लॅटिन अमेरिकेत कीर्ती मिळवून दिली. त्या गीताचे शीर्षक हेच त्यांचे टोपणनाव झाले आणि २ फेब्रुवारी १९९७ रोजी अमेरिकेतील मायामी येथे त्यांचे निधन झाले तेव्हाही ते त्याच नावाने ओळखले जात होते.

या टोपणनावाचा अर्थ ‘बातेयमधला काळा पोर’ असा होतो. त्यात जिव्हाळा आहे आणि हिणवणेही आहे. ते नाव आयुष्यभर वागविणाऱ्या कलावंताची कारकीर्द समजून घ्यायची, तर आधी बातेय म्हणजे काय ते पाहावे लागते.

साखरेच्या प्रदेशात जन्म

अल्बेर्तो बेल्त्रान यांचा जन्म ५ मे १९२३ रोजी देशाच्या आग्नेय भागातील ला रोमाना परिसरात पालो ब्लांको या गावी झाला. त्या वेळी देश अमेरिकेच्या लष्करी ताब्यात होता. १९१६ मध्ये उतरलेले अमेरिकन सैनिक १९२४ मध्ये परत गेले. मात्र अमेरिकन भांडवलाने उभारलेले साखर कारखाने मागे राहिले. ला रोमाना येथील कारखाना त्यांपैकी सर्वांत मोठ्यांत गणला जाई. ‘साउथ पोर्टो रिको शुगर कंपनी’ या अमेरिकन कंपनीने प्रथम येथे उसाचे मळे लावले. हा ऊस जहाजांत भरून शेजारच्या पोर्तो रिको बेटावरील कारखान्यात गाळपासाठी नेला जाई. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस गाळपाची यंत्रे ला रोमानामध्येच उभी राहिली आणि एका लहानशा बंदराचे साखरनगर बनले.

मळ्यांच्या मधोमध मजुरांच्या वस्त्या वसल्या. त्यांनाच बातेय म्हणतात. या शब्दाचा इतिहास मोठा आहे. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी या बेटावर राहणाऱ्या ताइनो या मूळ रहिवाशांच्या भाषेत बातेय म्हणजे गावाच्या मध्यभागी असलेले मोकळे आवार होते. तेथे चेंडूचा खेळ होई, गायन आणि सामूहिक नृत्ये होत. ताइनो समाज वसाहतीच्या काळात जवळजवळ नष्ट झाला, तरी शब्द टिकला. पुढे तो साखर कारखान्याच्या आवाराला आणि अखेरीस ऊसतोड मजुरांच्या खोपट्यांना लागू झाला.

या खोपट्यांत राहणारे लोक प्रामुख्याने शेजारच्या हैती देशातून आणि इंग्रजांच्या ताब्यातील लहान कॅरिबियन बेटांवरून आलेले होते. हिवाळ्यात गाळप हंगाम सुरू होई. त्या काळात पहाटेपासून अंधार पडेपर्यंत कोयत्याने ऊस तोडायचा, तोडलेल्या उसाच्या वजनावर मजुरी घ्यायची आणि पुष्कळदा ती रोख रकमेऐवजी कंपनीच्या दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांच्या रूपाने स्वीकारायची, असा क्रम असे. हंगाम संपला की काम नाही आणि मजुरीही नाही. या महिन्यांना तेथील लोक ‘मृत काळ’ म्हणत. बेल्त्रान यांचे बालपण या प्रदेशात गेले.

हुकूमशहा आणि मेरेंगे

बेल्त्रान सात वर्षांचे असताना, १९३० मध्ये, जनरल राफाएल त्रुहियो यांनी सत्ता हस्तगत केली. पुढील एकतीस वर्षे देश त्यांच्या मुठीत राहिला. या काळाचा मेरेंगेवर फार खोल परिणाम झाला.

मेरेंगेचा उल्लेख एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सापडतो. १८५४ साली ‘एल ओआसिस’ या नियतकालिकात या नव्या नृत्याविरुद्ध लिखाण प्रसिद्ध झाले होते. उच्चभ्रू मंडळींना ते असभ्य वाटे. मात्र उत्तरेकडील सिबाओ खोऱ्यातील शेतकऱ्यांनी ते आपलेसे केले. एका बाजूस काठीने आणि दुसऱ्या बाजूस हाताने वाजविले जाणारे तांबोरा हे चर्मवाद्य, घासून नाद काढावयाचे गुइरा हे धातूचे वाद्य आणि जर्मनीतून आलेले ॲकॉर्डियन असा त्याचा वाद्यमेळ ठरून गेला. तांबोरा आणि त्यावरील लय यांचे मूळ आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या परंपरेत आहे, असे संगीताचे अभ्यासक मानतात.

त्रुहियो स्वतः सामान्य घरातून आलेले होते आणि राजधानीतील प्रतिष्ठित कुटुंबांनी त्यांना दीर्घकाळ दूर ठेवले होते. त्यांनी निवडणूक प्रचारात मेरेंगे वादकांची पथके गावोगाव फिरविली आणि सत्तेवर येताच हे ग्रामीण संगीत थेट उच्चभ्रूंच्या नृत्यशाळांमध्ये नेले. १९३६ मध्ये लुईस आल्बेर्ती यांचा वाद्यवृंद सांतियागो शहरातून राजधानीत आणण्यात आला. सॅक्सोफोन आणि ट्रंपेट यांची जोड मिळून मेरेंगेला नवे भारदस्त रूप लाभले. त्याच वर्षी राजधानी सांतो दोमिंगोचे नाव बदलून ‘त्रुहियो नगर’ असे ठेवण्यात आले. हुकूमशहाची स्तुती करणारे शेकडो मेरेंगे या काळात रचले गेले. रेडिओवर त्रुहियो यांचे बंधू होसे आरिस्मेंदी ऊर्फ पेतान यांची हुकमत होती. त्यांच्या केंद्राला, ‘ला व्होस दोमिनिकाना’ला, डावलून कोणत्याही गायकाला देशात मोठे होणे अवघड होते.

या धोरणाची दुसरी बाजू भयंकर होती. मेरेंगेला राष्ट्रीय संगीताचा मान देणाऱ्या राजवटीने त्याची आफ्रिकी मुळे मात्र नाकारली. देश स्पॅनिश आणि गौरवर्णीय आहे, काळेपणा हैतीचा आहे, असा प्रचार अधिकृतपणे केला गेला. खुद्द त्रुहियो यांच्या आईकडील घराण्यात हैतीचे रक्त होते आणि ते चेहरा उजळ दिसावा म्हणून प्रसाधने वापरीत. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्यांच्या आदेशावरून सीमाभागातील हजारो हैतीवंशीय लोकांची कत्तल करण्यात आली. साखर मळ्यांतील हैतीचे मजूर मात्र मोठ्या प्रमाणात बचावले, कारण अमेरिकन कारखान्यांना त्यांच्या श्रमाची गरज होती. त्या वेळी बेल्त्रान चौदा वर्षांचे होते.

बेटाबाहेर पहिले पाऊल

बेल्त्रान यांनी तरुण वयातच हौशी गायक म्हणून गाण्यास आरंभ केला. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ‘डॉमिनिकन बॉइज’ या नावाचा स्वतःचा संच उभा केला. त्यांचा ओढा केवळ मेरेंगेकडे नव्हता. संथ लयीतील प्रेमगीतांचा बोलेरो हा प्रकार त्या काळी साऱ्या लॅटिन अमेरिकेत लोकप्रिय होता आणि त्यातही त्यांची उत्तम गती होती. शब्दांचे स्पष्ट उच्चार आणि ठेक्याशी सहज खेळण्याची हातोटी ही त्यांच्या गाण्याची वैशिष्ट्ये होती.

१९५१ मध्ये ते पोर्तो रिको येथे गेले. तेथे मारिओ एर्नांदेस यांच्या ‘लोस दियाब्लोस देल कारिबे’ या संचासोबत त्यांनी काम केले. या काळात गायिलेल्या ‘एल दिएसिनुएवे’, म्हणजे ‘एकोणीस’, या मेरेंगेमुळे त्यांचे नाव शेजारच्या बेटांवर पोहोचले.

पोर्तो रिको आणि न्यूयॉर्क या दोन ठिकाणी मेरेंगेला त्या वेळी नवा श्रोतृवर्ग लाभत होता. न्यूयॉर्कमध्ये ॲकॉर्डियनवादक आन्हेल व्हिलोरिया आणि गायक दिओरिस व्हायादारेस यांच्या ध्वनिमुद्रिका खपत होत्या. परंतु साऱ्या खंडात नाव मिळवायचे तर स्पॅनिश भाषक कॅरिबियन संगीताचे सर्वांत मोठे केंद्र गाठणे आवश्यक होते. ते केंद्र म्हणजे क्युबाची राजधानी हवाना.

हवाना, १९५४

बेल्त्रान १९५४ साली हवानामध्ये दाखल झाले. शक्तिशाली रेडिओ केंद्रे, रात्रभर चालणारी नृत्यगृहे आणि परदेशी ध्वनिमुद्रण कंपन्यांची गर्दी यांमुळे या शहरात यशस्वी झालेले गाणे काही आठवड्यांतच मेक्सिकोपासून व्हेनेझुएलापर्यंत ऐकू येई.

तेथे त्यांना ‘सोनोरा मातांसेरा’ या विख्यात वाद्यवृंदासोबत गाण्याची संधी मिळाली. १९२४ मध्ये मातांसास शहरात तंतुवाद्यांचा एक लहानसा संच म्हणून स्थापन झालेली ही संस्था त्या काळी रोहेलियो मार्तिनेस यांच्या नेतृत्वाखाली कीर्तीच्या शिखरावर होती. लीनो फ्रियास यांचा पियानो, कालिक्स्तो लेइसेआ आणि पेद्रो नाइट यांचे ट्रंपेट ही तिची ओळख होती. देशोदेशीच्या गायकांना पाचारण करून त्यांच्यासोबत ध्वनिमुद्रण करणे, ही या संस्थेची खास पद्धत होती. क्युबाच्या सेलिया क्रूझ, पोर्तो रिकोचे दानिएल सांतोस, कोलंबियाचे नेल्सन पिनेदो, आर्जेन्टिनाचे लिओ मारिनी अशी ही मांदियाळी होती. त्या मालिकेत डॉमिनिकन प्रजासत्ताकाचे बेल्त्रान येऊन बसले.

न्यूयॉर्क येथील सिडनी सीगल यांच्या ‘सीको’ कंपनीसाठी ही ध्वनिमुद्रणे होत असत. प्रारंभी बेल्त्रान यांनी बोलेरो गायिले. ‘इग्नोरो तु एक्सिस्तेन्सिया’ आणि डॉमिनिकन संगीतकार लुईस कालाफ यांचे ‘आउंके मे क्वेस्ते ला व्हीदा’ ही त्यांची गीते रसिकांनी उचलून धरली. दुसरे गीत तर लॅटिन अमेरिकेतील बोलेरोच्या नित्य गायिल्या जाणाऱ्या रचनांमध्ये जाऊन बसले. केवळ या दोन गीतांच्या बळावरही बेल्त्रान यांचे नाव राहिले असते.

परंतु १९५४ च्या अखेरीस ध्वनिमुद्रित झालेल्या एका मेरेंगेने चित्र पालटले. ‘एल नेग्रीतो देल बातेय’ या रचनेचे श्रेय डॉमिनिकन संगीतकार मेदार्दो गुस्मान यांच्याकडे जाते. गीताचा नायक मळ्यावरच्या वस्तीत राहणारा काळा तरुण आहे. काम हा आपला शत्रू आहे, असे तो हसत हसत सांगतो आणि एखाद्या देखण्या मुलीसोबत मेरेंगे नाचणे हेच आपल्याला मानवते, अशी कबुली देतो.

क्युबाच्या वादकांनी डॉमिनिकन ठेका आपल्या पद्धतीने वाजविला. ॲकॉर्डियनची जागा पियानो आणि ट्रंपेट यांनी घेतली. या मिश्रणामुळे मेरेंगेचा ग्रामीण रांगडेपणा काहीसा कमी झाला, पण परक्या कानांना तो चटकन रुचला. गीत हां हां म्हणता लॅटिन अमेरिकेतील नृत्यगृहांमध्ये पोहोचले. मेरेंगेचे सम्राट म्हणून गौरविले गेलेले होसेइतो मातेओ यांच्यासह अनेकांनी ते पुढे गायिले. तरीही ते बेल्त्रान यांचेच गीत मानले गेले.

एका गीताचे दोन अर्थ

या लोकप्रियतेमागे एक अस्वस्थ करणारा प्रश्न दडलेला आहे. बातेयमध्ये राहणारी माणसे आळशी नव्हती. त्या बेटावरील सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी मोबदल्याचे काम तीच करीत होती. असे असता काळा माणूस कामचुकार असतो, नाचगाण्यात दंग असतो, हा मळेवाल्यांचा जुना समज हे गीत पक्का करते, असा आक्षेप घेता येतो. नृत्यगृहांत त्यावर ताल धरणाऱ्या बहुतेकांनी कोयता कधी हाती धरला नसेल.

याच्या उलट अर्थही तितकाच खरा वाटतो. ज्याला श्रमाचे फळ मिळत नाही, त्याने श्रमाला शत्रू म्हणावे यात नवल नाही. वजनकाट्यावर आणि कंपनीच्या दुकानात ज्याची मजुरी आटत जाते, तो मनुष्य नाचाची रात्र स्वतःसाठी राखून ठेवतो. गीतातील हसू हे आळसाचे आहे की नकाराचे, हे ऐकणाऱ्यावर अवलंबून राहते. शिवाय राजवट काळेपणा झाकू पाहत असताना काळा नायक आणि त्याची वस्ती या गीताच्या शीर्षकातच होती. हुकूमशहाच्या स्तुतीचे शेकडो मेरेंगे आज विस्मृतीत गेले आहेत. बातेयमधील तरुणाचे हे गाणे मात्र गायिले जाते.

बेल्त्रान हे स्वतः ऊसमळ्यांच्या प्रदेशातील, कृष्णवर्णीय आणि सामान्य घरातून वर आलेले गायक होते. त्यामुळे गीतातील नायक आणि गायक यांत श्रोत्यांनी भेद केला नाही. घोषणांमध्ये आणि ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर त्यांच्या नावापुढे ही उपाधी झळकू लागली. कामाला शत्रू म्हणणाऱ्या नायकाचे नाव धारण करून हा मनुष्य देशोदेशी अखंड काम करीत राहिला, हा या कारकिर्दीतील विरोधाभास होय.

भटकंतीची दशके

सोनोरा मातांसेरासोबतचा बेल्त्रान यांचा काळ अल्प ठरला. या वाद्यवृंदासोबत त्यांनी मोजकीच गीते ध्वनिमुद्रित केली. ‘तोदो मे गुस्ता दे ती’ हे त्यांपैकी आणखी एक गाजलेले गीत. १९५५ मध्ये त्यांनी हवाना सोडले आणि ते व्हेनेझुएलास गेले. तेलाच्या उत्पन्नामुळे काराकास शहर त्या वेळी भरभराटीत होते आणि तेथील नृत्यगृहे परदेशी गायकांना चांगले मानधन देत. तेथे त्यांनी हेसुस ऊर्फ चुचो सानोहा यांच्या वाद्यवृंदासोबतही गायन केले. त्यानंतरची अनेक वर्षे लॅटिन अमेरिकेतील विविध देशांच्या दौऱ्यांत गेली.

दरम्यान त्यांच्याभोवतीचे जग झपाट्याने बदलत होते. शेजारच्या हैतीमध्ये सॅक्सोफोनवादक नेमूर झाँ-बातिस्त यांनी १९५५ च्या सुमारास ‘कोंपा’ ही नवी नृत्यशैली रुजविली. तिच्या घडणीत डॉमिनिकन मेरेंगेचा वाटा होता. ज्या सीमेवर अठरा वर्षांपूर्वी रक्त सांडले होते, ती सीमा या ठेक्याने ओलांडली. क्युबामध्ये १९५९ च्या आरंभी क्रांती यशस्वी झाली. १९६० मध्ये सोनोरा मातांसेरा मेक्सिकोच्या दौऱ्यावर गेली ती परत आली नाही. ज्या हवानाने बेल्त्रान यांना घडविले, ते संगीतकेंद्र अशा रीतीने विखुरले.

३० मे १९६१ च्या रात्री त्रुहियो यांची गोळ्या घालून हत्या झाली. राजधानीला तिचे जुने नाव परत मिळाले. १९६५ मध्ये देशात यादवी युद्ध भडकले आणि अमेरिकन सैन्य पुन्हा उतरले. त्यानंतर लक्षावधी डॉमिनिकन लोकांनी न्यूयॉर्कची वाट धरली. मेरेंगेही त्यांच्यासोबत बदलला. १९६४ मध्ये जॉनी व्हेंतुरा यांनी ‘कॉम्बो शो’ स्थापन करून मोठ्या वाद्यवृंदाऐवजी लहान, चपळ आणि नाचत गाणारा संच मंचावर आणला. पुढे विल्फ्रीदो व्हार्गास आणि हुआन लुईस गेर्रा यांनी त्याला आणखी नवी वळणे दिली.

या नव्या पिढीच्या तुलनेत बेल्त्रान यांची शैली जुनी वाटू लागली. मात्र त्यांच्या मैफलींना येणारा श्रोता कायम राहिला. देश सोडून आलेल्या, वय झालेल्या माणसांसाठी तो आवाज तरुणपणाची खूण होता. बोलेरोचा दर्दी गायक म्हणून असलेली त्यांची योग्यता जाणकार मान्य करीत, परंतु कार्यक्रमाचा शेवट बातेयच्या गाण्याशिवाय श्रोत्यांना चालत नसे. आयुष्याच्या अखेरच्या काळात ते मायामी येथे होते. तेथेच वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली.

मागे राहिलेले गाणे

बेल्त्रान यांच्या निधनानंतर मेरेंगेला मानसन्मानांची कमतरता राहिली नाही. २६ नोव्हेंबर हा दिवस डॉमिनिकन प्रजासत्ताकात राष्ट्रीय मेरेंगे दिन म्हणून पाळला जातो. १९२० च्या दशकात ज्या लोकांना हे संगीत आपल्या दिवाणखान्यात नको होते, त्यांच्या वारसांसह साऱ्या देशाने २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाल्याचा आनंद साजरा केला.

बातेयमधील लोकांच्या वाट्याला मात्र वेगळे काही आले. सप्टेंबर २०१३ मध्ये त्या देशाच्या घटनात्मक न्यायालयाने एक निकाल दिला. १९२९ पासून देशात जन्मलेल्या, परंतु ज्यांचे आईवडील अनधिकृतपणे राहत होते अशा व्यक्तींना नागरिकत्वाचा हक्क नाही, असा त्याचा आशय होता. त्याची झळ प्रामुख्याने हैतीवंशीय कुटुंबांना बसली. ऊसतोडीसाठी आणलेल्या मजुरांची मुले आणि नातवंडे त्यांत मोठ्या संख्येने होती. आंतरराष्ट्रीय टीकेनंतर २०१४ मध्ये वेगळा कायदा करून काहींना दिलासा देण्यात आला, तरी अनेकांचा प्रश्न सुटला नाही.

ही बाब ध्यानात घेतली की बेल्त्रान यांच्या टोपणनावाचे वजन कळते. त्यांनी कोणतीही चळवळ चालविली नाही आणि राजकीय गायक म्हणूनही त्यांची ओळख नाही. नाचण्यासाठी रचलेले एक गाणे त्यांनी गायिले आणि ते आयुष्यभर गात राहिले. परंतु त्या गाण्यामुळे बातेय हा शब्द, ज्यांनी उसाचा मळा कधी पाहिला नाही अशा कोट्यवधी लोकांच्या ओठांवर गेला. गाण्याचा आणि नाचाचा तो मूळ अर्थही त्यामुळे काही अंशी त्या शब्दाकडे परत आला. ज्या वस्तीला नकाशावर आणि नागरिकांच्या नोंदवहीत सहजासहजी जागा मिळाली नाही, तिला ला रोमानाच्या या गायकाने आपल्या नावात जागा दिली.